भुतांच्या शिकारीचा बोर्ड गेम: कोऱ्या कागदापासून पेटीपर्यंत

कोकणात भुतांचा तुटवडा नाही. त्यामुळे शिकारीचा गेम करायला बसलेला माणूस पहिल्याच आठवड्यात पंधरा भुतांची चित्रं काढून मोकळा होतो आणि तिथेच अडकतो. चित्रं छान असतात, पण खेळणाऱ्याने आपल्या पाळीला नक्की करायचं काय, हे ठरलेलंच नसतं. हा लेख त्या अडकलेल्यांसाठी आणि अजून सुरुवात न केलेल्यांसाठी आहे.

इथे धरलेला गेम असा: २ ते ४ खेळाडू, सगळे एका बाजूला, समोर एक भूत. वेळ साधारण दीड तास. शिकाऱ्याचं सामान दर डावाला बदलता येतं आणि भूतही दर वेळी नवं जुळवता येतं. खालचे आकडे याच मापाचे आहेत. तुमचं माप वेगळं असेल तर आकडे बदला, हिशेबाची रीत तीच राहील.

पहिल्या नमुन्यासाठी लागणारं सामान

- पत्त्यांचे दोन जुने कॅट
- ६३.५ × ८८ मिमीचे प्लास्टिक स्लीव्ह, शंभराचं एक पाकीट
- ए४ आकाराचा साधा ८० जीएसएम कागद (जीएसएम म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम; आकडा मोठा तसा कागद जाड)
- सहा बाजूंचे चार फासे, दोन रंगांत
- २ मिमी जाडीचा ग्रे बोर्ड (राखाडी पुठ्ठा), स्टीलची पट्टी, कटर आणि जास्तीची पाती
- खुणांसाठी चिंचोके, बटणं, कवड्या
- चौकटींची वही किंवा गुगल शीट

थ्रीडी प्रिंटर, रंगीत बाहुल्या, चित्रकार यांतलं काहीही आत्ता नको.

१. शिकार कशी संपते ते आधी लिहा

पोस्टकार्डावर मावतील एवढ्या चार ओळी: जिंकायचं कसं, हरायचं कसं, एक डाव किती फेऱ्यांचा, एका पाळीत किती कृती. आपल्या गेमसाठी: भुताचा जीव संपला की जिंकलो, दोन शिकारी पडले किंवा उजाडलं की हरलो, रात्र ८ फेऱ्यांची, प्रत्येक पाळीत ३ कृती, त्यांतले वार जास्तीत जास्त २.

वेळेचा अंदाज इथेच येतो. एका शिकाऱ्याची पाळी दोन मिनिटं, त्यानंतर भुताचा अर्धा मिनिट. चौघांची फेरी १० मिनिटांची आणि आठ फेऱ्यांची रात्र ८० मिनिटांची. भुताच्या पाळीला तीन मिनिटं लागायला लागली की हाच डाव अडीच तासांवर जातो. म्हणून भुताची पाळी आखूड ठेवणं ही चैन नाही, अटच आहे.

२. भूत म्हणजे त्याची खोड

नवशिक्याचं भूत असं असतं: जीव ४०, घाव ३, दिसायला भयंकर. असं भूत म्हणजे फासे टाकून फोडायची भिंत. गावातल्या गोष्टींमध्ये भूत लक्षात राहतं ते त्याच्या खोडीमुळे. चकवा वाट चुकवतो, गिऱ्हा पाण्यात ओढतो, हडळीची पावलं उलटी असतात. गेममध्येही भूत तिथूनच बांधायचं.

रचना दोन भागांची. पहिला भाग ‘देह’. प्रत्येक देहाची ६ साधी कार्डं: झेप, फटका, पाठलाग वगैरे. दुसरा भाग ‘खोड’. प्रत्येक खोडीची ३ कार्डं. एक देह आणि दोन खोडी निवडायच्या, म्हणजे ६ + ३ + ३ अशी १२ कार्डांची गड्डी झाली. ती पिसा, भुताच्या पाळीला वरचं एक कार्ड उलटा आणि लिहिलंय तसं करा. ५ देह आणि ८ खोडी केल्यात तर आठातून दोन निवडायचे २८ प्रकार, गुणिले ५, म्हणजे १४० वेगवेगळी भुतं. कार्डं लागली फक्त ५४. गेम ‘बदलता येणारा’ होतो तो इथे. दोनशे सुटी कार्डं छापून तो तसा होत नाही.

एक खोड जवळून बघू. गिऱ्ह्याची ‘ओढ’, कार्डावरचा मजकूर असा:

*पाण्याला लागून उभ्या असलेल्या, सर्वांत जवळच्या शिकाऱ्याला एक घर पाण्याकडे ओढा. तो पाण्यात गेला तर २ घाव. पाण्याला लागून कुणीच नसेल तर गिऱ्हा सर्वांत जवळच्या शिकाऱ्याकडे २ घरं सरकतो.*

या खोडीला उत्तरं किती? पाण्यापासून लांब राहणं, झोळीतला दोर वापरणं, ओहोटी लागेपर्यंत थांबणं. तीन उत्तरं, त्यांतली दोन सामानाशिवाय जमणारी. हीच खोडीची कसोटी: सामानातून किमान एक आणि सामानाशिवाय किमान एक उत्तर असलं पाहिजे. एकाच हत्याराने सुटणारी खोड केलीत, तर ज्याच्याकडे ते हत्यार नाही तो तासभर नुसता मार खात बसतो.

चकव्याची खोड षटकोनी पटावर फारच सोपी होते. शिकारी चालला की शेवटचं पाऊल फाशाने ठरतं. षटकोनाला बाजू सहा, फाशालाही सहा. उत्तरं: कंदील पेटता असेल तर फासा नको, किंवा सोबत्याच्या घरातूनच निघालात तर नको. हडळीची खोड शोधाच्या वेळी, म्हणजे लढाईआधी भुताचा माग काढताना वापरा: तिच्या मागाची कार्डं उलट दिशेने वाचायची. हे कळेपर्यंत दोन फेऱ्या वाया जातात, आणि पुढच्या डावाला टेबलावर बसलेला प्रत्येक जण ती गोष्ट दुसऱ्याला सांगतो.

भूत कुणावर जाणार, हे कधीही खेळाडूंच्या मर्जीवर सोडू नका. क्रम लिहून टाका: आधी सर्वांत जवळचा, दोघे सारख्याच अंतरावर असतील तर ज्याचा जीव कमी तो, तरीही बरोबरी झाली तर ज्याची पाळी पुढे येणार आहे तो. वाटेत अडथळा असेल तर भूत कमीत कमी घरांच्या वाटेने वळसा घेतं, आणि वाटच नसेल तर जागेवर राहून पुढचं कार्ड उलटतं. ही शेवटची ओळ विसरली की चाचणीत भूत माडाच्या मागे अडकून बसतं आणि शिकारी लांबून निवांत भाले मारत राहतात.

आता एक नाजूक गोष्ट. वेतोबा, रवळनाथ, सातेरी किंवा गावचा राखणदार यांना शिकार करू नका. देवचारालाही कित्येक गावांत राखण करणारा मानतात, त्याला नारळ ठेवतात. गेममध्ये त्यांची जागा मदतीची. देवराईच्या घरात उभं राहून एकाने गाऱ्हाणं घालायचं आणि बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. त्या फेरीत सगळ्यांनी मिळून एक फासा पुन्हा टाकायचा. दुसरं असं, की जुन्या लोककथांत बरीच भुतं अमुक जातीची, तमुक जमातीची, बाळंतपणात गेलेल्या बाईची अशी सांगितली जातात. खोड घ्या, ते लेबल सोडा. त्याने गेमला काहीच मिळत नाही आणि टेबलावरच्या कुणाला तरी ते टोचतं.

३. आकड्यांचा हिशेब

दोन फाशांची बेरीज घ्या. एका फाशावर सहाही आकडे सारखेच येतात, त्यामुळे ‘नेम’ असा वाटतच नाही. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी अमुक किंवा जास्त बेरीज येण्याची शक्यता:

- ६+ : २६, म्हणजे ७२ टक्के
- ७+ : २१, म्हणजे ५८ टक्के
- ८+ : १५, म्हणजे ४२ टक्के
- ९+ : १०, म्हणजे २८ टक्के
- १०+ : ६, म्हणजे १७ टक्के

साधा वार ७+ ला लागतो असं धरू. प्रत्येक लागलेला वार २ घावांचा. दोन वार धरले तर एका पाळीत सरासरी २ × ०.५८ × २, म्हणजे सुमारे २.३ घाव. आठ फेऱ्यांपैकी दोन शोधात जाणार, शेवटच्या दोन चुकांसाठी राखीव, उरल्या लढाईच्या चार. म्हणून भुताचा जीव प्रत्येक शिकाऱ्यामागे ९ ते १०. दोघांना २०, तिघांना २८, चौघांना ३६. हा जीव चार सारख्या भागांत तोडा: ५, ७ किंवा ९ चा एक भाग. भाग संपला की भुताच्या गड्डीतली वरची दोन कार्डं उघडायची आणि खेळाडूंनी त्यांतलं एक कायमचं काढून टाकायचं. यामुळे भूत डावाच्या मध्यावर बदलतं आणि कोणती खोड मोडायची यावर टेबलावर चांगलंच भांडण होतं. ते हवंच आहे.

भुताची पाळी प्रत्येक शिकाऱ्यानंतर येऊ द्या, फेरीच्या शेवटी एकदाच नको. एकदाच आली तर चौघांच्या डावात भूत बिचारं एकटं पडतं आणि दोघांच्या डावात तेच राक्षसी होतं. शिकाऱ्यामागे एक कार्ड ठेवलं की प्रमाण आपोआप सांभाळलं जातं. भुताचं कार्ड सरासरी दीड घाव देईल असं बांधा. चार फेऱ्यांत माणशी सुमारे ६ घाव बसतात, म्हणून शिकाऱ्याचा जीव ८. जीव ६ ठेवलात तर निम्मे शिकारी मधेच उठून चहा करायला जातील, १२ ठेवलात तर भीतीच उरणार नाही.

४. शिकाऱ्याचं सामान

तीन जागा पुरेत: हत्यार, अंगावरचं, झोळी. प्रत्येकी १२ कार्डं, एकूण ३६. चौथी जागा दिलीत की लोक खेळण्यापेक्षा निवडण्यात वेळ घालवतात. कोयता, भाला, पाग, गरी, इरलं, घोंगडी, कंदील, चूड, दोर, सोलकढी. नावं रोजच्या वापरातली असली की अर्धे नियम सांगावे लागत नाहीत. पागात भूत अडकतं आणि इरलं पावसात उपयोगी पडतं, हे कुणाला समजवायचं?

सगळ्यात मोठा सापळा म्हणजे ‘+१’. एक +१ मिळाला की ७+ चा वार ६+ ला लागतो: ५८ वरून ७२ टक्के. दुसऱ्याने ८३, तिसऱ्याने ९२. तीन जागांवर तीन +१ घेणारा खेळाडू कधी चुकतच नाही, आणि फासे टाकणं ही औपचारिकता उरते. म्हणून फाशावर एकूण वाढ +२ च्या वर नाही, हे नियमातच लिहा. ‘फासे पुन्हा टाका’ हे दिसायला साधं, पण ७+ ला त्याने ८३ टक्के होतात. म्हणजे ते जवळजवळ +२ एवढं भारी आहे. त्याची किंमत तशीच लावा: डावात एकदाच, किंवा वापरलं की कार्ड आडवं.

चांगलं सामान आकडा वाढवत नाही, काय करता येतं ते वाढवतं. पाग: वार लागला तर घाव नाही, पण भुताचं पुढचं कार्ड सरकण्याशिवाय पाळायचं. गरी: भूत एक घर तुमच्याकडे ओढा. अशी कार्डं खोडींशी बोलतात.

शिकारीनंतर भुताचे अवशेष मिळतात: नख, दात, कातडं. प्रत्येकाला ४ तुकडे आणि एक कार्ड सुधारायला ४ तुकडे, म्हणजे दर शिकारीला माणशी एक सुधारणा. सुधारलेली बाजू कार्डाच्या पाठीवर छापा म्हणजे वेगळी गड्डी लागत नाही. (मग सामानाची कार्डं पिसता येणार नाहीत, ती पिसायचीच नाहीत, निवडायची आहेत.) सहा शिकारींची मालिका केली तर भुतालाही वाढवावं लागतं. दर शिकारीला जिवाच्या प्रत्येक भागात १ वाढवा आणि देहाचं एक साधं कार्ड काढून जागी ‘चवताळ’ घाला: म्हणजे लगेच दोन कार्डं उलटायची. ‘चवताळ’ची पाच कार्डं फाजील लागतात, ती छपाईच्या मोजणीत धरा.

सामानाचे १२ × १२ × १२, म्हणजे १७२८ संच होतात. सगळे कुणी तपासत नाही. एक ‘साधा शिकारी’ ठरवा: कोयता, घोंगडी, दोर. नवं प्रत्येक कार्ड त्याच्या अंगावर एकाच भुतासमोर तपासा. लढाई चारऐवजी दोन फेऱ्यांत संपली तर कार्ड भारी, सहावर गेली तर ते कुणी घेणार नाही.

५. पट आणि भरती-ओहोटी

षटकोनाची बाजू ३५ मिमी ठेवा. समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर ६०.६ मिमी आणि टोकापासून टोकापर्यंत ७० मिमी होतं. ए४ वर ३ × ४, असे १२ षटकोन मावतात. दोन कागदांत २४: खाडी ५, खाजण (खाडीकाठची खारी दलदल) ४, माडाची बाग ४, सडा (कातळाचा माळ) ४, वाडी ४, देवराई ३. डावाला १९ लागतात. खाडीचे पाचही तुकडे मधोमध एका रांगेत ठेवा आणि उरलेल्या १९ मधून १४ पिसून भोवती लावा. सगळंच पिसलं तर खाडीची पाच डबकी होतात आणि भरतीचा नियम निरर्थक ठरतो.

किनाऱ्यावरच्या गेममध्ये घड्याळ वेगळं शोधायची गरज नाही. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात. रात्र संध्याकाळी सहा ते सकाळी सहा धरली आणि फेरी दीड तासाची केली, तर आठ फेऱ्यांत भरती-ओहोटीचं एक चक्र जवळजवळ पुरं होतं. सुरुवात कुठून, ते तिथी सांगते. मच्छीमारांचा ढोबळ हिशेब: तिथीचा आकडा गुणिले पाऊण, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. पौर्णिमेला १५ × ३/४ = सव्वाअकरा, अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याचा चढउतार कमी. यातून दोन तिथी-कार्डं होतात:

- उधाणाची रात्र, फेरीनुसार पाणी: ० १ २ ३ ३ २ १ ०
- भांगाची रात्र: २ २ १ १ १ १ २ २

नियम एवढेच: ० ला खाडी चालत पार होते, पण चिखलामुळे एक पाऊल जास्त. १ ला खाडीत होडीशिवाय जाता येत नाही. २ ला खाजणात प्रत्येक घराला दोन पावलं. ३ ला खाजण म्हणजे खाडीच, आणि गिऱ्हा तिथे शिरू शकतो. उधाणाच्या रात्री शिकाऱ्यांना पहिल्या फेरीत पलीकडे जावंच लागतं, नाहीतर पहाटेपर्यंत खाडीच्या अलीकडे. भांगाच्या रात्री खाडी कधीच चालत ओलांडता येत नाही, होडी ठेवलेली वाडी आधी गाठावी लागते. एकही नवा नियम न वाढवता दोन वेगळे गेम मिळाले.

६. नमुना

पहिला नमुना ७ षटकोन, १ देह, २ खोडी, २ शिकारी आणि सामानाची ९ कार्डं एवढाच. साध्या कागदावर पेन्सिलीने लिहा, कापा, स्लीव्हमध्ये मागे जुना पत्ता घालून सरकवा. पत्ते अरुंद असले, तरी चालतात. पाठीला ताठपणा हवा एवढंच. आकडे पेनाने लिहू नका, ते बदलणार आहेत.

आधी एकट्याने दोन्ही शिकारी खेळा. इथे मजा शोधू नका. गेम शेवटापर्यंत पोहोचतो का, एवढंच बघा. पोहोचला की दुसरा देह करा, आठवी खोड नव्हे.

७. चाचणी

माणसं कुठून आणायची हा प्रश्न कोकणात वर्षातून तीनदा आपोआप सुटतो: गौरी-गणपतीत, शिमग्याला आणि मे महिन्यात. चाकरमानी आलेले असतात, घर भरलेलं असतं, आरतीनंतर किंवा दुपारच्या जेवणानंतर दीड तास सहज मिळतो. नमुना त्याआधी तयार ठेवा.

दोन प्रकारच्या चाचण्या वेगळ्या ठेवा. पहिल्या प्रकारात तुम्ही शिकवता आणि आकडे तपासता. दुसऱ्या प्रकारात पेटी आणि नियम समोर ठेवता आणि गप्प बसता. ‘हे कसं करायचं?’ असं विचारलं तरी गप्प. तो प्रश्न म्हणजे नियमपुस्तकातलं भोक. हे फार कठीण जातं, विशेषतः समोर सख्खा काका चुकीचा खेळत असेल तेव्हा.

प्रत्येक डावानंतर लिहून ठेवा: कोणत्या फेरीत संपला, किती जीव उरला, कोणतं सामान कुणीच घेतलं नाही, पहिला प्रश्न कोणता आला, कोण कधी मोबाइलकडे वळलं. ‘मस्त आहे’ हे लिहून ठेवू नका. पाहुणा तेच म्हणणार. ‘परत एकदा लावूया का?’ असं कुणी न विचारता म्हटलं तर ते लिहा. दोन डावांमध्ये एकच गोष्ट बदला. जीवही कमी केला आणि पागाचा नियमही बदलला, तर सुधारणा कशामुळे झाली ते कळत नाही.

८. नियमपुस्तक आणि अक्षरं

ए४ चे दोन कागद मधोमध दुमडले की ए५ ची ८ पानं होतात. त्यात नियम मावले पाहिजेत. क्रम: जिंकणं-हरणं, मांडणी (चित्रासह), शिकाऱ्याची पाळी, भुताची पाळी, पाणी, एक पूर्ण फेरी उदाहरणादाखल. मागच्या पानावर पाळीचा क्रम. गोष्ट आणि वातावरण कार्डांवर खुशाल मालवणीत लिहा. नियम मात्र साध्या मराठीत, आणि एका गोष्टीला सगळीकडे एकच शब्द. एका पानावर ‘घर’ आणि दुसऱ्यावर ‘जागा’ लिहिलंत की वाद ठरलेला.

कार्डावर देवनागरी ९ पॉइंटच्या खाली नेऊ नका. इंग्रजी ७ पॉइंटला वाचता येतं, पण ‘ष्ट’ आणि ‘द्ध’ कंदिलाच्या उजेडात गायब होतात. ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ हे ‘एक टाइप’ या संस्थेचे फॉन्ट मोफत आणि खुल्या परवान्याचे आहेत. छापखान्यात फाइल देताना अक्षरांचं आउटलाइन करूनच, म्हणजे अक्षरांचे आकार चित्रासारखे पक्के करूनच, पीडीएफ द्या. बऱ्याच ठिकाणी जुनं सॉफ्टवेअर असतं, त्यात युनिकोड उघडलं की वेलांट्या सुटतात, जोडाक्षरांत हलन्त दिसू लागतात, आणि ते लक्षात येतं शंभर प्रती कापून झाल्यावर. मूळ, दुरुस्त करता येण्याजोगी फाइल वेगळी जपा. काळा मजकूर निव्वळ काळ्या शाईत ठेवा. चार रंगांचा काळा बारीक अक्षरांना पसरट करतो.

९. छपाई आणि पावसाळा

कार्ड ६३ × ८८ मिमी. चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड (कापताना निघून जाणारी जादा छपाई) आणि मजकूर कडेपासून ३ मिमी आत. १२ × १८ इंचाच्या डिजिटल कागदावर अशी १८ कार्डं मावतात. आपली मोजणी: भूत ५४, सामान ३६, माग ९, चवताळ ५, तिथी २, झाली १०६. सहा कागदांत १०८ येतात, तेव्हा दोन जागा उरल्या. त्या रिकाम्या जाऊ देऊ नका, खाली सांगतो. एकोणिसावं कार्ड वाढवलंत की पूर्ण कागदाचे पैसे. म्हणून मोजणी १८ च्या पटीत ठेवा.

कार्डाला ३०० जीएसएम कागद आणि मॅट लॅमिनेशन दोन्ही बाजूंनी. एकाच बाजूने केलंत तर उघडी बाजू ओल शोषते, लॅमिनेट केलेली शोषत नाही, आणि जुलैत प्रत्येक कार्ड पन्हळीसारखं वळतं. षटकोनांच्या ग्रे बोर्डाचंही तसंच: वर चित्र चिकटवलं तर खालीही कागद चिकटवा. फेव्हिकॉल पावसात वाळायला फार वेळ घेतो. चिकटवलेले तुकडे सपाट वजनाखाली रात्रभर ठेवा आणि पूर्ण वाळल्याशिवाय कापू नका, कडा फाटतात. जमलं तर छपाई दिवाळीनंतर ते मेपर्यंत उरका. एमडीएफचे (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीचे) लेसरने कापलेले तुकडे सुबक दिसतात, पण कडेने पाणी पितात. कडांना वॉर्निशचा हात द्या. प्रत्येक पेटीत सिलिका जेलची पुडी टाका.

सावंतवाडीच्या गंजिफासारखी गोल कार्डं करायचा मोह होईल. दशावतारी गंजिफाचा संच १० रंगांचा, रंगात १२ पानं, एकूण १२०, आणि दिसतो अप्रतिम. पण गोल कार्डाला वेगळा साचा लागतो, कागद वाया जातो आणि नवख्या हातांना ती पिसता येत नाहीत. गोल आकार न पिसल्या जाणाऱ्या खुणांसाठी ठेवा. भुताची लाकडी सोंगटी हवी असेल तर सावंतवाडीच्या चितार आळीत विचारा.

१०. कागदपत्रं

- चित्रकाराशी लेखी करार. पिंगुळीची चित्रकथी असो की चितार आळीतलं रंगकाम, इंटरनेटवरून उचलू नका, काम द्या. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १९ प्रमाणे हक्काचं हस्तांतर लेखीच लागतं. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. मुदत, प्रदेश, मानधन आणि पुढच्या आवृत्तीचं काय, या चार ओळी हव्यातच.
- कल्पनेचं संरक्षण. खेळ खेळण्याच्या पद्धतीवर भारतात पेटंट मिळत नाही. पेटंट कायदा १९७०, कलम ३(एम). तुमचे शब्द आणि चित्रं कॉपीराइटमध्ये येतात, यंत्रणा नाही. तेव्हा चाचणीला येणाऱ्या पाहुण्यांकडून गुप्ततेच्या कागदावर सह्या घेत बसू नका.
- नाव. ट्रेडमार्कला वर्ग २८, म्हणजे खेळ आणि खेळण्यांचा. व्यक्ती किंवा लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला ४,५०० रुपये. अर्जाआधी नाव आधीच कुणाचं आहे का, ते शोधा.
- वय. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांनी बनवून विकलेल्या मालाला त्यातून सूट आहे. आपला गेम खरोखरच मोठ्यांचा असेल तरच पेटीवर १४+ लिहा. लहान मुलांसारखी चित्रं काढून वर १४+ चिकटवणं चालत नाही.
- पेटीवरचा मजकूर. उत्पादकाचं नाव-पत्ता, आत काय किती, महिना-वर्ष, सर्व करांसह किंमत, तक्रारीसाठी संपर्क.

११. उरलेली दोन कार्डं

छपाईत उरलेल्या त्या दोन जागांवर कोरी खोड-कार्डं छापा: वर नावाची ओळ, खाली मजकुराला चार ओळी, तळाला ‘उत्तरं’ म्हणून दोन रिकाम्या चौकटी. पेन्सिलीने लिहिता यावं म्हणून या कार्डांचं लॅमिनेशन टाळायचं असेल, तर ती वेगळ्या कागदावर जावी लागतील. त्यापेक्षा लॅमिनेट करा आणि ‘परमनंट मार्करने लिहा, पुसायला स्पिरिट’ असं नियमपुस्तकात टाका. ज्याला आपल्या गावचं भूत घालायचंय त्याने भुताच्या गड्डीतलं एक खोड-कार्ड काढून जागी हे घालायचं. अट एकच: दोन्ही चौकटी भरल्याशिवाय ते कार्ड डावात घ्यायचं नाही, आणि त्यांतलं एक उत्तर सामानाशिवायचं हवं.